लाकूडबाजाराची शेपटी

पट्टीचं घर माझ्या घरापासून एकशे दहा पावलांवर आहे. ही पावलं मी स्वतः मोजलेली आहेत, पण ती मोजली तेव्हा मधला रस्ता दोन गाड्यांपुरता होता आणि माझे गुडघे माझं ऐकत होते. आता तिथे आठ पदरी रस्ता आहे, त्याच्या मधोमध कमरेइतकी भिंत आहे आणि पलीकडे जायचं तर चौसष्ट पायऱ्यांचा लोखंडी पूल आहे. मी पहिल्या मजल्यावर राहते, ती समोरच्या इमारतीत तळमजल्यावर. रोज दुपारी चारला ती खिडकीशी येऊन लाल टॉवेल हलवते, मी पिवळा हलवते, आणि मग आम्ही फोनवर बोलतो. एकमेकींना डोळ्यांनी बघत फोनवर भांडणाऱ्या दोन म्हाताऱ्या पाहून आमच्या खालचा सायकलवाला रोज हसतो. हसू दे बापडा.

पट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आम्ही दोघी एकाच आठवड्यात ट्रेसर म्हणून लागलो. साहेबांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवायचे, हे आमचं काम. ती उंच, सडपातळ आणि ताठ, म्हणून पट्टी. मी बुटकी आणि गोल, म्हणून दौत. नावं आमच्या हेडसाहेबांनी ठेवली होती. हेडसाहेब गेले, ते ऑफिस गेलं, दौती आणि पट्ट्याही गेल्या, पण आम्ही आपल्या आहोत.

दोन वर्षांपूर्वी पट्टी बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत आहे. त्यानंतर ती माझ्याकडे फक्त एकदा आली, टॅक्सीने. टॅक्सीला वळायला पुढचा मोठा चौक गाठावा लागतो, म्हणजे चार किलोमीटरचा फेरा. खुर्चीची घडी घालताना ड्रायव्हरचं बोट चिमटलं, आमच्या लिफ्टचं दार तिच्या पायांमुळे मिटेना, आणि वर येईपर्यंत चहा गार झाला. जाताना ती म्हणाली, "समोरच्या घरी यायला एवढी वरात! दौते, आता तूच येत जा." मी जात होते. मग माझ्या गुडघ्यांनी चौसष्ट पायऱ्यांना नकार दिला, आणि आमचं येणंजाणं दोन टॉवेलांवर आलं.

अशात आमच्या भिंगरीला नेमकं त्याच रस्त्याखालच्या भुयारी मार्गाचं काम मिळालं.

भिंगरी म्हणजे माझी नात. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून भिंगरी. आता इंजिनीअर झाली आहे आणि दिवसभर एका जागीच बसते, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तिचं काम काय, हे तिने मला जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली आणि टेबलक्लॉथ घेऊन समजावलं.

"ही बाटली म्हणजे इमारतवाले," ती म्हणाली. "यांना भुयारातला एकेक खिळा माहीत. कशाचा आहे, कधी बसवायचा, कधी बदलायचा. पण हे भुयार पृथ्वीवर कुठे आहे विचारलं की गप्प. यांची दुनिया शून्यापासून सुरू होते आणि सपाट असते. आणि हा टेबलक्लॉथ म्हणजे नकाशावाले. यांच्याकडे अख्खं शहर. रस्ते, नळ, गटारं, झाडं, चढउतार. पण यांच्या वस्तूंना जाडी नाही. एवढा माणूस मावेल असा पाइप, पण यांच्याकडे नुसती रेघ!"

"आणि तू?"

"मी मधली. इमारतवाल्यांचं बिम मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरमधलं अख्खं बांधकाम, उचलायचं आणि नकाशावाल्यांच्या जीआयएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नकाशात, बरोब्बर जागेवर बसवायचं. मग कुठली भिंत कुठल्या पाइपवर आपटते ते खोदायच्या आधीच दिसतं."

"बसलं का?"

"पहिल्यांदा बसवलं तेव्हा भुयार समुद्रात जाऊन पडलं." तिने टेबलक्लॉथच्या बाहेर, सरळ खुर्चीवरच बाटली नेऊन ठेवली. "आता बसलंय."

मला यात नवल वाटलं नाही. आमच्या ऑफिसातही इमारतीचं टेबल वेगळं आणि नकाशाचं टेबल वेगळं होतं. इमारतवाले दाराची बिजागरीसुद्धा काढायचे, आणि नकाशावाले ती अख्खी इमारत एका चौकोनात उरकायचे. दोघांचं पटायचं नाही. एकमेकांचे खोडरबर पळवण्यापर्यंत वैर होतं. मधे हेडसाहेब बसायचे, दोन्हीकडचे नकाशे खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायचे आणि म्हणायचे, "तुमचा हौद यांच्या रस्त्यात आलाय, सरका."

"म्हणजे तू हेडसाहेब झालीस," मी भिंगरीला म्हटलं. ती खूश झाली.

या भुयाराला दोन्हीकडे पायऱ्या होत्याच, पण भिंगरीने हट्टाने रॅम्पही घातला होता, चाकांची खुर्ची एका माणसाला सहज ढकलता येईल असा मंद उताराचा. पट्टीच्या बाजूला जागा कमी, म्हणून तिथे रॅम्प एकदा वळून खाली जायचा. भिंगरीने ते मॉडेल पट्टीला फोनवर दाखवलं होतं, आत फिरवून आणलं होतं. "पट्टीआजी, तुमच्या दारापासून आमच्या लिफ्टपर्यंत एकही पायरी नाही." त्या दिवशी चारच्या ऐवजी पावणेचारलाच लाल टॉवेल हलला.

आणि मग एका बुधवारी संध्याकाळी भिंगरी घरी आली ती बूट न काढताच सोफ्यावर आडवी झाली.

"रॅम्प गेला," ती म्हणाली.

"कुठे गेला?"

"पट्टीआजींच्या बाजूला रस्त्याखालून पाण्याचा मोठा पाइप जातो. सरळ येतो, आणि नेमका रॅम्पच्या वळणापाशी पोट काढून बाहेर येतो. अडीच मीटर. पुढे गेल्यावर पुन्हा सरळ. वळणाची भिंत थेट त्या पाइपात घुसते. पाइप हलवायचा तर अर्ध्या शहराचं पाणी बंद. मॅडम म्हणाल्या, रॅम्प काढा, पायऱ्या ठेवा. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये नक्की करणार."

"पण पाइप असा पोट का काढेल?"

"तेच तर कुणाला कळत नाहीये. एक म्हणतो खाली खडक असेल. दुसरा म्हणतो जुनी विहीर. नकाशावाल्याने तर नोंदच करून टाकलीय, 'वळसा, कारण अज्ञात'. खोदून बघावं तर रस्ता नुकताच डांबरलाय, ठोस पुराव्याशिवाय परवानगी नाही." तिने लॅपटॉप उघडून माझ्याकडे वळवला. "बघ, केवढं लाल झालंय."

मी चष्मा बदलला आणि बघितलं. भुयार करड्या रंगाचं, पाइप निळा, आणि ते एकमेकांत घुसले होते तिथे लालभडक. पण माझं लक्ष लाल रंगाकडे नव्हतं. तो निळा वळसा मला ओळखीचा वाटत होता. कुठे पाहिला ते आठवेना, पण माझं बोट आपोआप टेबलावर फिरायला लागलं. खाली, मग उजवीकडे, मग वर उचलून बारीक होत जाणारं.

"भिंगरे, इथे काय लिहिलंय?"

"काहीच नाही."

"नकाशावर नाव नाही, असं कसं?"

"नावं काढून टाकतात, आजी. जुना नकाशा स्कॅन करतात, त्यातल्या रेघा तेवढ्या गिरवून घेतात. नावं नंतर वेगळी टाइप होतात."

"मग तो जुना नकाशा दाखव."

तिने कुठून तरी काढला. आमच्या वेळच्या, अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या प्रतीचा फोटो होता, पुसट, जांभळट. पण अक्षर लपतं का? 'लाकूडबाजार'. रस्त्याच्या कडेने तिरकं लिहिलेलं, एकेक अक्षर मोत्यासारखं, आणि शेवटच्या 'र'ची शेपटी अशी झोकात खाली जाऊन वर उचललेली की बघत राहावं. आणि पाण्याची रेघ त्या शेपटीपाशी येऊन अदबीने बाजूला झाली होती, वळसा घालून पुढे गेली होती.

खरं सांगते, मला आधी अभिमान वाटला. काय अक्षर होतं माझं! मग तो वळसा कशापायी पडला ते आठवलं.

"ही माझी शेपटी आहे," मी म्हटलं.

"काय?"

"हे अक्षर माझं आहे. खाली खडक नाही, विहीर नाही, काही नाही. तो पाइप माझ्या 'र'ला वळसा घालतोय."

भिंगरी उठून बसली. तिने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आजी, कागदावर हा वळसा अर्धा सेंटिमीटर आहे. एकाला पाचशेच्या नकाशात त्याचे रस्त्यावर अडीच मीटर होतात. तू म्हणतेस, अडीच मीटर काँक्रीट तुझ्या एका अक्षराला घाबरून मागे सरकतंय?"

"एका अक्षराला नाही. शेपटीला."

मग तिला सगळं सांगावं लागलं. ऑफिसात रीत अशी होती की आधी सगळ्या रेघा आणि सगळ्यात शेवटी अक्षरं, म्हणजे रेघांना धक्का न लावता नावं रिकाम्या जागेत बसवता येतात. रेघा पट्टीच्या, अक्षरं माझी. पण त्या वर्षी मला आठवा महिना होता. पोटात भिंगरीचा बाप. मी रजेवर गेले की अक्षरं घालायचं काम कोपऱ्यातल्या काळ्या चष्मेवाल्याकडे जाणार होतं, आणि त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. माझ्या हातच्या नकाशांच्या गठ्ठ्यात मुंग्या? मला ते सहन होईना. मी हेडसाहेबांची नजर चुकवून सहा नकाशांवर रेघांच्या आधीच नावं घालून ठेवली आणि रजेवर गेले. पाच नकाशांत काही बिघडलं नाही. सहाव्यात पाण्याची मोठी रेघ बरोबर 'लाकूडबाजार'च्या शेपटीवरून जात होती. पट्टीपुढे दोन वाटा होत्या. ब्लेडने माझं अक्षर खरवडायचं, म्हणजे कापड फुलतं आणि हेडसाहेबांना कळतं की दौतीने रीत मोडली. नाहीतर रेघ वाकवायची. तिने रेघ वाकवली. पाइप जमिनीत आधीच सरळ पुरलेला होता, वाकली ती फक्त कापडावरची रेघ.

"आणि नंतर दुरुस्त नाही केली?"

"पुढच्या प्रतीत करू म्हणालो. पुढची प्रत कुणी काढलीच नाही. मी रजेवरून आले तेव्हा ती मला बोलली होती त्यावरून. मी उलट तिलाच म्हटलं, कुणी सांगितलं होतं वाकवायला. अकरा दिवस आम्ही बोलत नव्हतो."

भिंगरीने कपाळाला हात लावला. "शुक्रवारी मॅडमना काय सांगू? माझी आजी म्हणते?"

मी फोन उचलला. साडेसात वाजले होते, आमची वेळ नव्हे. पट्टीने उचलल्या उचलल्या विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही. लाकूडबाजार."

ती म्हणाली, "अठ्ठेचाळीस वर्षांनी आठवलं होय? मला वाटलं, कबूल न करताच जातेस तू."

"कबूल करते बाई, सगळं कबूल करते. पण आता त्या वळशापायी तुझा रॅम्प चाललाय." मी तिला सगळं सांगितलं. ती मधे एकदाही बोलली नाही, आणि पट्टीच्या बाबतीत हे फार झालं.

"मूळ कापड शोधा," ती शेवटी म्हणाली. "प्रतीवर नाही दिसायचं. कापडावर मी आधी व्हॉल्व्हच्या पाचही जागा सुईने टोचून घेतल्या होत्या, खालच्या पेन्सिलीच्या नकाशावरून, जिथल्या तिथे. मग रेघ वाकवली. खोटी रेघ ओढताना हात कापतो गं. म्हटलं, निदान आधी खरं टोचून ठेवावं."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"अकरा दिवस तू ऐकत कुठे होतीस?"

दुसऱ्या दिवशी भिंगरी मला टॅक्सीत घालून ऑफिसात घेऊन गेली. आमच्या पाणीपुरवठा खात्याचं नवं ऑफिस काचेचं आहे, पण रेकॉर्डरूम तळघरात, आणि तिथे पाऊल ठेवताच मला आमच्या जुन्या खोलीचा वास आला. अमोनिया, धूळ आणि खळ. भिंतीला लोखंडी घोडे, त्यांवर पत्र्याच्या लांब नळ्या, प्रत्येक नळीत गुंडाळलेले नकाशे. रेकॉर्डवाले गृहस्थ निवृत्तीला टेकलेले आणि त्यामुळे अगदी निवांत होते.

"कापडी नकाशे?" ते म्हणाले. "असतील तर नशीब. निम्मे लोकांनी धुऊन वापरले."

ते खोटं नव्हतं. ट्रेसिंगचं कापड म्हणजे खळ दिलेलं तलम सुती कापड. गरम पाण्यात उकळलं की खळ जायची, शाई जायची, आणि हाताला असं मऊ लागायचं की विचारू नका. बिघडलेला नकाशा कुणी फेकत नसे. पट्टीने माझ्या बाळासाठी अशाच एका कापडाची दोन झबली शिवली होती. माझ्या मुलाने आयुष्याचे पहिले सहा महिने गटारांचा नकाशा अंगात घालून काढले. शाई बरीचशी निघाली होती, फक्त पाठीवर एक मॅनहोल राहिलं होतं.

"आजी, 'लाकूडबाजार'चंच झबलं तर नव्हतं ना?" भिंगरीने हळूच विचारलं.

"गप्प बस."

पण मलाही तीच धास्ती होती. आम्ही नळ्यांवरचे आकडे वाचत निघालो. आकडेही माझ्याच हातचे होते, पांढऱ्या रंगात. चौथ्या घोड्याच्या खालच्या कप्प्यात नळी सापडली. झाकण गंजलं होतं, ते रेकॉर्डवाल्यांनी गुडघ्यात धरून फिरवलं. आतून पिवळट, निळसर झाक असलेलं कापड बाहेर आलं, आणि त्यावर काळंकुळकुळीत 'लाकूडबाजार'.

तेवढ्यात मॅडम आल्या. भिंगरीच्या त्या वरिष्ठ. पन्नाशीच्या, पांढरे केस आखूड कापलेले, हातात घड्याळ आणि नजरही घड्याळाकडे. भिंगरीने दहा मिनिटं मागितली होती, त्यातली दोन जिन्यात गेली होती.

"तुम्हीच आजी का?" त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळे माझ्या इंजिनीअरने कालपासून काम केलेलं नाही."

"माझ्यामुळे अठ्ठेचाळीस वर्षं तुमचा पाइप वाकडा आहे, त्यापुढे एक दिवस काय मोठा," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत, पण घड्याळाकडे बघायच्या थांबल्या.

तळघराला वरती एकच आडवी खिडकी होती. भिंगरीने एका हातात फोन धरला होता, त्यात पट्टीचा चेहरा, कपाळ जास्त आणि हनुवटी कमी. आम्ही कापड टेबलावर पसरून वाकून वाकून बघत होतो आणि काहीही दिसत नव्हतं.

"टेबलावर काय शोधताय?" फोनमधून आवाज आला. "उजेडावर धरा! दौते, तू सुद्धा विसरलीस?"

मी आणि रेकॉर्डवाल्यांनी कापडाची दोन टोकं धरून ते खिडकीसमोर उचललं, जसे हेडसाहेब धरायचे. आणि कापडात पाच ठिणग्या उमटल्या. सुईच्या टोकाएवढ्या, पण लख्ख. पहिली, दुसरी आणि पाचवी शाईच्या रेघेवरच होत्या. तिसरी आणि चौथी रेघ सोडून, माझ्या 'र'च्या शेपटीत. पाचही एका ओळीत, सरळ.

माझे हात भरून आले होते तरी कापड खाली घ्यावंसं वाटेना.

"भोकं आहेत," मॅडम म्हणाल्या. "झुरळांनीही पाडली असतील."

"झुरळ कधी पट्टी लावून चालतं का हो?" फोनमधून पट्टी म्हणाली.

आता मात्र मॅडमना हसू आलं. पण त्या कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. "सुईच्या भोकांवर भुयार बांधायचं मला जमणार नाही," त्या म्हणाल्या. "काहीतरी ताळा दाखवा."

तेव्हा भिंगरी पुढे झाली. रस्त्यावर आज तीन व्हॉल्व्हची झाकणं उघडी दिसतात, पहिलं, दुसरं आणि पाचवं. मधली दोन डांबराखाली गेली आहेत. दिसणाऱ्या तिन्ही झाकणांची जागा नकाशावाल्याने उपग्रहाच्या यंत्राने मोजून ठेवली होती. भिंगरीने कापडाचा फोटो लॅपटॉपवर घेतला, पहिलं आणि पाचवं भोक त्या-त्या झाकणावर टाचून टाकलं आणि म्हणाली, "आता दुसऱ्या भोकाला मी हात लावलेला नाही. बघा कुठे पडतं ते."

दुसरं भोक दुसऱ्या झाकणावर जाऊन बसलं. अगदी मधोमध नाही, पण झाकणाच्या आत.

मॅडमनी खुर्ची ओढली आणि त्या पहिल्यांदाच बसल्या. बराच वेळ त्यांनी त्या लॅपटॉपवर पुढे-मागे केलं. "खड्डा एकच मिळेल," त्या शेवटी म्हणाल्या. "तिसऱ्या भोकावर. रविवारी सकाळी सहा ते नऊ, त्यानंतर रस्ता मोकळा करायचा. मीटिंग मी सोमवारवर ढकलते. पाइप मिळाला तर रॅम्प. नाही मिळाला तर पायऱ्या, आणि पुन्हा हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही. तुम्हीही नाही, आजी."

"फोनमधल्या बाईंनीही नाही का?" पट्टीने विचारलं.

"त्यांनी तर अजिबात नाही."

रविवारी सहाच्या आधीच मी गॅलरीत खुर्ची टाकून बसले. समोर पट्टी खिडकीत, दोघींचे फोन कानाला. रस्त्याच्या दोन पदरांना लाल-पांढरे खांब लावले होते आणि मधे पिवळं हेल्मेट घालून भिंगरी उभी होती. वरून ती खेळण्यातल्या बाहुलीएवढी दिसत होती. यंत्राने डांबराचा चौकोन कापला. मग मुकादमाने यंत्र थांबवलं आणि माणसं पहार-फावडी घेऊन उतरली, कारण खाली पाइप असेल तर यंत्राचा दात लागायला नको.

सात वाजले. गुडघ्याइतका खड्डा. माती, खडी, एक विटेचा तुकडा.

पावणेआठ. कमरेइतका. माती.

"पट्टे, सुई नक्की तिथेच टोचली होतीस ना?"

"माझ्यावर संशय घेतेस? अक्षरं आधी कुणी घातली होती?"

सव्वाआठला मुकादम खड्ड्याच्या काठावर बसून कपाळ पुसू लागला. भिंगरी घड्याळ बघत होती. मॅडमही आल्या होत्या, खांबाला टेकून उभ्या. मला त्या बाहुलीएवढ्या पिवळ्या हेल्मेटकडे बघवेना. वाटलं, तिला उगाच नादी लावलं. म्हातारीच्या आठवणीवर पोरीने आपला शब्द टाकला, उद्या ऑफिसात तोंड कसं दाखवील?

"दौते," पट्टी एकदम म्हणाली, "मोठ्या रेघेला मी कुठलं पेन वापरायची?"

"जाडं. अर्ध्या मिलिमीटरचं."

"अर्धा मिलिमीटर म्हणजे रस्त्यावर किती?"

मी मनात हिशेब केला. "वीतभर. थोडं जास्तच."

"मग तेवढं इकडेतिकडे होणारच ना! ती माणसं विहीर खणल्यासारखी सरळ खाली चाललीत. त्यांना म्हणावं, खड्ड्याच्या कडा ठोका. माझ्या बाजूची आधी."

मी भिंगरीला फोन लावला. ती खाली वाकून काहीतरी म्हणाली, मुकादम उठला, आणि त्याने स्वतः पहार घेऊन खड्ड्याची पट्टीकडची कड ठोकली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा जो आवाज आला तो मला पहिल्या मजल्यावर ऐकू आला. ठण्णकन. लोखंडावर लोखंड.

माती खाली घसरली आणि व्हॉल्व्हचं गोल झाकण अर्धं उघडं पडलं. वीतभर बाजूला, बस्स. त्याखालून पाइप जात होता, नाकासमोर सरळ.

भिंगरीने दोन्ही हात वर केले आणि हेल्मेट पडलं. मॅडम खड्ड्यात डोकावल्या, मग वळून आमच्या इमारतीकडे बघत त्यांनी हात हलवला. आणि पट्टीने लाल टॉवेल इतका जोरात फडकावला की चालू पदरातल्या दोन गाड्यांनी ब्रेक मारले.

"ए बाई, पुरे," मी फोनवर म्हटलं, "अपघात करशील."

"कानाशी रडू नकोस, फोन भिजेल," ती म्हणाली. तिचाही आवाज काही फार कोरडा नव्हता.

सोमवारी भिंगरीने नकाशातली रेघ सरळ केली आणि मॉडेलमधलं लाल गेलं. रॅम्प राहिला.

पुढे दीड वर्ष नुसती धूळ. त्या काळात आमचे टॉवेल रोज धुवायला लागायचे. काम संपत आलं तेव्हा एक दिवस भिंगरी माझ्यापुढे मोठा कागद आणि ब्रश घेऊन आली. मॅडमनी सांगितलं होतं की भुयाराच्या भिंतीवर जागेचं जुनं नाव लिहायचं, आणि ते आजींच्याच अक्षरात. मी कागदावर लिहून द्यायचं, रंगारी मोठं करून भिंतीवर उतरवणार.

पट्टीने फोनवर बजावलं, "शेपटी आखूड ठेव."

मी हो म्हटलं. पण हाताने एकदा झोक धरला की धरला. त्याला काय सांगणार?

भुयार उघडलं त्या सकाळी मी लिफ्टने खाली गेले, काठी टेकत आमच्या बाजूच्या रॅम्पने उतरले आणि बरोबर मधे येऊन थांबले. आत दिवे लागले होते, फरशी नवी होती, माणसं येत-जात होती. पलीकडच्या वळणावरून आधी चाकांचा आवाज आला. मग पट्टी आली, तिचा भाचा मागे, पण त्याचे हात खुर्चीला लागलेले नव्हते. ती स्वतःच चाकं फिरवत होती, आणि अजूनही पट्टीसारखी ताठ बसली होती.

"ज्या वळणावर रॅम्प अडला होता ना," ती लांबूनच ओरडली, "तिथे थांबून खाली पाय आपटून आले मी. म्हटलं, आहेस ना रे बाबा सरळ?"

मग तिचं लक्ष माझ्या मागच्या भिंतीकडे गेलं आणि ती एकदम थांबली. मी वळून पाहिलं. निळ्या रंगात, माणूसभर उंचीचं 'लाकूडबाजार'. शेवटच्या 'र'ची शेपटी झोकात खाली जाऊन वर उचललेली. आणि वायरमनने दिव्याच्या वायरीची पांढरी नळी भिंतीवरून सरळ आणली होती, त्या शेपटीपाशी येऊन अदबीने वाकवली होती, आणि वळसा घालून पुढे नेली होती.

पट्टी इतकी हसली की भाच्याला खुर्चीचा ब्रेक लावावा लागला. मी तिच्या खुर्चीचा हात धरून हसत उभी राहिले. येणारेजाणारे वळून बघत होते.

भिंगरी मात्र हसता हसता लॅपटॉप उघडून खाली फरशीवरच बसली.

"काय करतेस?" मी विचारलं.

"मॉडेलमध्ये टाकतेय. इमारतवाल्यांनी नळी सरळ दाखवलीय." ती टाइप करत मोठ्याने वाचत होती. "दिव्यांची नळी, उत्तर भिंत, वळसा चाळीस सेंटिमीटर. कारण..." तिने वर पाहिलं. "या वेळी अज्ञात नाही लिहायचं ना?"

"मुळीच नाही," पट्टी म्हणाली. "दौतीची शेपटी, असं नावासकट लिही."